खंडेनवमीचं तेल

त्या हिवाळ्यात माझ्या रायफलने मला दोनदा इशारा दिला आणि दोन्ही वेळा मी दोष दुसऱ्या कशाला तरी दिला. एकदा काडतुसाला, एकदा हातमोज्याला. दोष शोधण्यात मी तरबेज आहे, माझं पोटच त्यावर चालतं. नॉर्थ यॉर्कमधल्या एका कंपनीत मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. दिवसभर इतरांच्या कामातल्या चुका काढायच्या आणि संध्याकाळी रिचमंड हिलला घरी येऊन नवऱ्याच्या काढायच्या, असा माझा कित्येक वर्षांचा दिनक्रम. तिसऱ्या वेळी रायफल नवऱ्याच्या हातात होती. तेव्हा दोष त्याला जाऊ दिला.

नेमबाजीचं वेड नागपूरचं. कॉलेजात मी एनसीसीत होते. वर्षातून एकदा आम्हाला ट्रकमध्ये भरून गावाबाहेर चांदमारीला नेत. तापलेल्या जमिनीवर सतरंजी टाकून पोटावर झोपायचं, श्वास धरायचा आणि पॉइंट टूटूच्या रायफलीतून पाच गोळ्या मारायच्या. माझ्या पाचही गोळ्या एका रुपयाएवढ्या जागेत बसल्या तेव्हा सुभेदारसाहेब म्हणाले होते, "बिटिया, हाथ नहीं हिलता तुम्हारा." पुढे लग्न झालं, मुलगी झाली, पुणं झालं, कॅनडा झालं. हात हलतो की नाही हे बघायला सवडच मिळाली नाही. मुलगी शिकायला मॉन्ट्रियलला गेली तेव्हा घर एकदम मोठं वाटायला लागलं आणि नोव्हेंबर ते मार्च हा काळ खायला उठला. मग मी दोन दिवसांचा बंदूक सुरक्षेचा कोर्स केला आणि लायसन्सला अप्लाय केलं.

त्या अर्जावर जोडीदाराची सही मागतात. नवरा आणि मी एकाच कॉलेजातले, त्यामुळे आमचं अरे-तुरे. त्याने चष्मा लावून अर्ज दोनदा वाचला.

"इतकी वर्षं तुझ्या तोंडाला कोणी लायसन्स मागितलं नाही," तो म्हणाला, "अन् आता बंदुकीला मागून राहिले."

पण सही केली. माझ्याबाबतीत तो नेहमीच न वाचता केल्यासारखी सही करतो, वाचलं असलं तरी.

कोर्समध्ये पहिल्या तासाला एक गोष्ट डोक्यात ठोकून बसवली होती. समोरचा माणूस रायफल हातात देताना म्हणाला की रिकामी आहे, तरी आपण बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता दांडा, उघडून स्वतः बघायचं. देणारा कोणीही असो. मला हा नियम फार आवडला. माझ्याच धंद्यातला वाटला.

क्लबची रेंज शहराच्या उत्तरेला तासाभरावर आहे. एका बाजूने उघडी पत्र्याची शेड, तिच्यात लाकडी बाकं, समोर पन्नास मीटरवर टार्गेटं आणि त्यांच्यामागे मातीचा उंच बांध. शेजारच्या खोपटात लाकडं जाळायची शेगडी. उणे दहा असो की उणे वीस, शनिवारी सकाळी मी तिथे हजर. आधी स्नोशूज घालून देवदारांच्या रानात तासभर चालायचं. चिकडी नावाचा मुठीएवढा पक्षी हातावरचे दाणे टिपून जायचा, त्याच्या नखांचा थंड स्पर्श मोजा काढलेल्या तळव्याला कळायचा. मग शेगडीवर हात शेकून बाकावर बसायचं. बर्फात गोळीचा आवाज वेगळाच येतो. फुटत नाही, टप्प होऊन विझतो. पाच गोळ्या मारून झाल्या की मन धुतल्यासारखं व्हायचं. ज्या थंडीला मी पहिली दहा वर्षं शिव्या घातल्या, तिची मी वाट बघायला लागले होते, हे इथे कबूल करून टाकते.

आता खंडेनवमी. आमच्याकडे ती नवऱ्याची. तसा तो मेकॅनिकल इंजिनियर, गाड्यांचे सुटे भाग डिझाइन करतो, पण पूजेच्या पाटापुढे बसला की इंजिनियर राहत नाही, वडिलांचा मुलगा होतो. त्याचे वडील नागपूरला शिलाई मशीनपासून सायकलच्या चेनपर्यंत घरातल्या प्रत्येक लोखंडी वस्तूला खंडेनवमीला खोबरेल घालत. तिथे ऑक्टोबरात खोबरेल पाण्यासारखं वाहतं. इथे ते बाटलीत मेणासारखं बसतं, म्हणून नवरा बाटली गरम पाण्यात उभी करतो. त्या वर्षी पाटावर त्याचे पाने, माझी कात्री, दोन लॅपटॉप, एरवी दाराशी टेकवलेलं बर्फाचं फावडं आणि पहिल्यांदाच माझी रायफल होती. मी कपाटाचं कुलूप काढून तिथे आणली होती आणि सोफ्यावर बसून बहिणीशी फोनवर बोलत होते. नवरा कापसाने एकेका वस्तूला तेल लावत होता. रायफलीच्या नळीला लावलं, मग बोल्ट मागे ओढून वरच्या खाचेतून दोन-चार थेंब आत सोडले, वडील मशीनच्या भोकात सोडत तसे. मी ते पाहिलं.

"फार ओतू नकोस," एवढं म्हणाले आणि पुन्हा फोनवर बोलायला लागले. आरती झाल्यावर रायफल कुलपात गेली.

नोव्हेंबरमध्ये नवऱ्याची नोकरी गेली. कंपनीने डिझाइनचं कामच दुसऱ्या देशात हलवलं. तो रोज सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बेसमेंटमध्ये जाऊन बसायचा आणि अर्ज पाठवत राहायचा. जेवताना बोलणं बंद झालं. मला बडबड्या माणसाची सवय, घरात ती शांतता मला घाबरवायची. म्हणून मी त्याला शनिवारी ओढून रेंजवर न्यायला लागले. तो शेगडीपाशी बसून रेंज ऑफिसरशी गप्पा मारायचा. रेंज ऑफिसर म्हणजे सत्तरीचा निवृत्त शाळामास्तर, लांब हाडांचा, हळू बोलणारा. शेडमधल्या सगळ्यांच्या जिवाची जबाबदारी त्याची. नवरा त्याच्याशी हसतो हे मी खिडकीतून बघायची आणि मला हायसं वाटायचं. एका शनिवारी परतताना तो आपणहून म्हणाला, "मी पण मारून बघू का एक-दोन?" लायसन्सवाल्याच्या देखरेखीखाली पाहुण्याला चालतं. मी म्हणाले, "संक्रांतीच्या शनिवारी तुझा नंबर."

पहिला इशारा डिसेंबरात मिळाला. उणे बारा होतं. मी ट्रिगर ओढला आणि नुसतं कट् झालं. नियमाप्रमाणे नळी बांधाकडे ठेवून थांबले, मग काडतूस बाहेर काढलं. त्याच्या कडेवर, रायफलीतली सुई आपटते तिथे, घाव पडला होता, पण उथळ, नखाने टोचल्यासारखा.

"तपासून घे एकदा," रेंज ऑफिसर म्हणाला.

"जुना माल आहे काडतुसांचा," मी म्हणाले. तरी घरी बेसमेंटमध्ये रिकाम्या पुंगळ्या घालून दहा वेळा चालवून पाहिली. दहाही वेळा घाव खणखणीत. ऑफिसात असं झालं की आम्ही तक्रारीवर शेरा मारतो: पुन्हा घडत नाही, बंद. मी तोच शेरा मनात मारला. बेसमेंट वीस अंशांवर होतं आणि रेंज उणे बारावर, हे माझ्या ध्यानात आलं नाही. असली चूक माझ्या हाताखालच्या मुलीने केली असती तर मी तिला सगळ्यांसमोर झापलं असतं.

दुसरा इशारा जानेवारीच्या पहिल्या शनिवारी. उणे अठरा. नवरा सर्दीने घरी होता. मी काडतूस घातलं, बोल्ट पुढे ढकलून दांडी खाली दाबली आणि त्याच क्षणी गोळी सुटली. ट्रिगरला मी शिवलेसुद्धा नव्हते. रायफल वाळूच्या पिशवीवर होती, नळी समोर होती, म्हणून गोळी टार्गेटच्या अलीकडे बर्फात घुसली. तिथून पिठासारखा बर्फ उडाला.

"लवकर सुटली?" मागून रेंज ऑफिसरने विचारलं.

"हातमोजा अडकला," मी म्हणाले. "सॉरी. जाड आहे."

"मोजा काढत जा," तो म्हणाला.

खोटं इतकं सहज तोंडातून निघालं की मलाच नवल वाटलं. खरं सांगितलं असतं तर त्याने रायफलीला तिथल्या तिथे लाल चिठ्ठी बांधून बाजूला ठेवली असती आणि संक्रांतीचा शनिवार हुकला असता. नवऱ्याने दिवस मोजायला घेतले होते. हे कारण खरं आहे. दुसरंही आहे. डिसेंबरात त्या म्हाताऱ्याने सांगितलं होतं, तपासून घे, आणि मी ऐकलं नव्हतं. मला ते कबूल करायचं नव्हतं. घरी येऊन पुन्हा बेसमेंटमध्ये पाहिलं, पुन्हा सगळं ठीक. मग मी स्वतःला पटवलं की मोजाच लागला असणार.

संक्रांतीच्या शनिवारी उणे बावीस होतं. पत्र्याच्या कडेला हातभर लांब बर्फाचे सुळे लटकत होते. नवऱ्याने आदल्या दिवशी स्वतः तिळगूळ केला होता, डबा घेऊन आला. रेंज ऑफिसरच्या हातावर दोन लाडू ठेवून त्याने गोड बोलण्याचा अर्थ इंग्रजीतून समजावला. आम्ही तिघंच होतो. रायफल थंडीत तासभर बाकावर होती. मी बोल्ट उघडून पाहिला आणि ती त्याच्या हातात दिली.

"रिकामी आहे. पण तू स्वतः बघ," मी म्हणाले. "नियम आहे."

"तू सांगितलं ना? मग मी काहून बघू?"

"बघ म्हटलं ना!"

त्याने मला बरं वाटावं म्हणून बघितल्यासारखं केलं. मग मी एक काडतूस दिलं. ते त्याने जपून आत बसवलं, जीभ दातात धरून. त्याचा चेहरा बऱ्याच महिन्यांनी उजळलेला होता. मी त्याच्या उजव्या हाताला एका पावलावर उभी होते. माझ्या मनात त्या क्षणी पहिल्या शनिवारची ती गोळी आली होती का? आली होती. "थांब" म्हणावंसं वाटलं आणि त्याऐवजी मी म्हणाले, "खांद्याला नीट लाव."

कानावरच्या जाड कव्हरमुळे त्याला ऐकू गेलं नाही. तो "काय?" म्हणत माझ्याकडे वळला, पूर्ण अंगाने, रायफलीसकट. नवखे सगळे असेच वळतात. उजव्या हाताची मूठ बोल्टच्या दांडीवर होती आणि वळता वळता ती मूठ खाली आली.

टप्प. तेवढाच आवाज. माझ्या कानाशेजारच्या शेडच्या खांबातून लाकडाची ढलपी उडून माझ्या गालाला लागली.

"सीझफायर!" रेंज ऑफिसर ओरडला. एरवी हळू चालणारा तो माणूस दोन ढांगांत येऊन पोचला आणि त्याने रायफल काढून घेतली. खांबातलं भोक माझ्या डोळ्यांच्या उंचीवर होतं. नवरा पांढराफटक पडला होता.

"बोट ट्रिगरवर ठेवून कधी वळू नये," रेंज ऑफिसर म्हणाला. ओरडून नाही, शाळेत सांगत असेल तसं.

"बोट नव्हतं," नवरा म्हणाला. "आय स्वेअर. माझा हात बोल्टवर होता."

"सगळे असंच म्हणतात," रेंज ऑफिसर म्हणाला.

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. त्याची मूठ दांडीवर होती हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. ती रायफल बोल्ट बंद करताना सुटते हे जगात फक्त मला माहीत होतं. मी गालावरचं रक्त पुसलं आणि गप्प राहिले. भ्याले. त्याला दुसरा शब्द नाही. खोटं उघडं पडेल, क्लब जाईल, कदाचित लायसन्स जाईल, हे सगळं मी त्या एका क्षणात मोजलं आणि नवऱ्याला त्यात धरलं नाही.

गाडीत तो सारखा म्हणत होता, "माझं बोट नव्हतं ग. तू बघितलं ना? हात बोल्टवर होता." मी म्हणाले, "जाऊ दे आता. लागलं नाही ना कोणाला." मुलीला फोनवर कळलं तेव्हा ती म्हणाली, "इट्स ओके बाबा, अ‍ॅक्सिडेंट्स हॅपन." त्याने फोन माझ्याकडे दिला.

आठवड्याभरात त्याने ते म्हणायचं सोडलं. पुढच्या आठवड्यात एकदा भाजी चिरता चिरता थांबून म्हणाला, "लागलंच असेल बोट. मला कळलं नसेल." मी जवळ उभी असले की सुरी खाली ठेवायला लागला. हायवेवर गाडी चालवायचा बंद झाला. एका इंटरव्ह्यूला गेलाच नाही. कारण विचारलं तर म्हणाला, "ज्याला स्वतःचा हात काय करतो ते कळत नाही, त्याने मशीनचे पार्ट काय डिझाइन करायचे?" मी वरण ढवळत होते, ढवळत राहिले. इथे मला स्वतःचा राग येतो, आजही येतो.

तीन आठवड्यांनी क्लबने ठेवून घेतलेली रायफल परत दिली आणि माझ्याकडून लेखी अहवाल मागितला. रविवारी सकाळी नवरा ग्रोसरीला गेल्यावर मी लिहायला बसले. पहिलंच वाक्य अडलं. नवऱ्याच्या बोटाने, असं लिहायचं होतं, ते लिहवेना. मग मी जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. जिथे बिघाड होतो तिथेच तो तपासायचा, हे मी नव्या मुलींना पहिल्या दिवशी शिकवते. रिकामी रायफल घेऊन, दोन स्वेटर आणि कोट घालून मी मागच्या डेकवर खुर्ची टाकून बसले. बाहेर उणे वीस होतं. तिच्याशेजारी तासभर बसून राहिले. मग बोल्ट पुढे ढकलून दांडी खाली केली. कट्. ट्रिगरला हात नाही. पुन्हा केलं. कट्.

आत येऊन खालचे दोन स्क्रू काढले. ट्रिगरच्या सांध्यात पांढरं, मेणासारखं काहीतरी बसलं होतं. बोटाने खरवडलं तर बोटाच्या उबेने वितळलं. घरात ते लोण्यासारखं मऊ राहायचं, म्हणून बेसमेंटमध्ये सगळं ठीक; बाहेर गारठून घट्ट व्हायचं आणि ट्रिगरची खीळ जागेवर बसू द्यायचं नाही. वास घ्यायची गरज नव्हती, तरी घेतला. डोळ्यांपुढे पाट आला, कापूस आला, गरम पाण्यात उभी केलेली बाटली आली. मी सोफ्यावरून पाहत होते.

ठरवलं, बोटाचं सांगायचं, तेलाचं नाही. तेल आपल्यापाशी ठेवायचं. नवरा पिशव्या घेऊन किचनमध्ये आला.

"तुझं बोट नव्हतं," मी म्हणाले. "ती बोल्ट बंद करतानाच सुटते. तुझ्या आधी माझ्याकडूनही सुटली होती. मी लपवलं."

तो पिशव्या धरून उभा राहिला. मग त्या ओट्यावर ठेवल्या आणि माझा हात धरला, का ते मला आधी कळलं नाही. माझी बोटं त्याने नाकापाशी नेली.

"खोबरेल," तो म्हणाला.

"तू ओतलंस तेव्हा मी बघत होते. चूक माझी आहे. बंदूक माझी, लायसन्स माझं."

"तेलाचं सोड," तो म्हणाला. "गाडीत माहीत होतं तुला?"

"हो."

"तिथे, तो मला बोलून राहिला होता, तेव्हा पण माहीत होतं?"

"हो."

त्याने माझा हात सोडला. "तीन आठवडे मी माझ्या हाताकडे बघत बसलो," तो म्हणाला. आवाज चढला नाही. चढला असता तर मी उत्तर दिलं असतं, भांडणात मी कधी हरत नाही. तो बूट घालून बाहेर गेला आणि फावड्याने ड्राइव्हवे साफ करायला लागला. ड्राइव्हवेवर बर्फ नव्हता.

मी अहवालात सगळं लिहिलं, हातमोज्यासकट. क्लबने माझ्यावर वर्षभर बंदी घातली. रेंज ऑफिसरने नवऱ्याला स्वतः फोन करून माफी मागितली. मार्चमध्ये त्याला विंडसरला नोकरी लागली, गाड्यांच्याच कारखान्यात. तिथे खोली घेऊन राहतो, शुक्रवारी येतो. रागाने गेला असं मी म्हणणार नाही. बोलतो, हसतो, भाजी चिरतो. फक्त मी म्हणाले की दार लावलंय, तरी तो जाऊन बघून येतो.

रायफल दुरुस्त करणाऱ्याने ती पूर्ण उघडून साफ केली. मी ती कपाटात ठेवून दिली होती. ऑक्टोबरात खंडेनवमीला तो मुद्दाम रजा घेऊन आला. पाट मांडला, पाने मांडले, कात्री मांडली, दोन लॅपटॉप मांडले. तेलाची बाटली आणली नाही. मग म्हणाला, "ती पण आण."

मी कुलूप काढून रायफल आणली आणि त्याच्या हातात दिली.

"रिकामी आहे," मी म्हणाले.

त्याने मान हलवली. नळी भिंतीकडे वळवली, बोल्ट मागे ओढला, खिडकीच्या उजेडात धरून आत पाहिलं, करंगळी घालून चाचपलं आणि पुन्हा एकदा पाहिलं. मग ती पाटावर ठेवून हळदीकुंकू वाहिलं. नियमाप्रमाणे त्याने अगदी बरोबर केलं होतं. मला ते बघवलं नाही.